बाबागाडी आणू नकोस

३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकिटं हातात आली. मेच्या चार तारखेला मी आणि ठकी तुझ्या दारात हजर, पुढचे बारा दिवस तुझं डोकं खायला. ठकीच्या बाबांना रजा नाही. मला मिळाली, पण बाइंडिंगखात्याच्या साहेबांनी तोंड असं केलं, जणू ग्रंथालयातली सगळी धड पुस्तकं मी सोबत घेऊन चाललेय. शिलाईला आलेली चाळीस पुस्तकं संपवून निघायचंय. सध्या हाताला सरसाचा वास आणि जेवणालाही.

एक विचारायचं होतं. बाबागाडी आणू का? ठकीला साडेचार झाली, गाडीत बसायचं वय सरलं हे कळतं मला. पण हल्ली जरा चालली की गुडघा दुखतो म्हणते आणि उचलून घ्यायला लावते. सोळा किलोचं पोर कडेवर घेऊन परक्या देशात किती फिरणार? गाडीची घडी होते, विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात म्हणे. एक चाक कुरकुरतं, पण चालते. तू सांगशील तसं करते.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, मी येईपर्यंत आटवू नकोस.

तुझी धाकटी


१५ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शिक्षकखोलीत वाचलं आणि इतकी हसले की चहा सांडला. अगं, पोरगी लग्नाला आली तरी तू पाळणाच हलवत बसशील!

वीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवतेय मी. कुठलं पोर खरंच थकलंय आणि कुठलं आईला नाचवतंय, हे मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. तुझी लेक नाचवणाऱ्यांतली. गुडघा दुखतो म्हणे! त्या गुडघ्यावर काय संसाराचं ओझं आहे?

इथे एवढं मोठं मूल गाडीत दिसलं की लोक थांबून विचारतात, हिला काय झालंय. माझ्या शाळेतली माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतात. काय सांगू त्यांना, पाय ठणठणीत आहेत, आईचं डोकं तेवढं बिघडलंय? अर्थात तू तरी वेगळं काय करणार म्हणा. सात वर्षांची होईस्तोवर आईच्या कडेवर होतीस, आणि मागून दोघींची दप्तरं ओढत मी.

तेव्हा गाडी आणू नकोस. आणलीस तर ती दाराबाहेर राहील. बारा दिवसांत पोरगी चालती करून परत देते.

राग मानू नकोस. मानायचाच असेल तर इथे येऊन मान, समोरासमोर भांडायला मजा येते.

तुझी ताई


११ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. ताईचं घर लख्ख आहे, चपलासुद्धा ओळीत उभ्या राहतात. रोज सकाळी नाश्ता झाला की आमची पलटण निघते. काल वस्तुसंग्रहालय, परवा टेकडीवरची बाग. लिफ्ट असली तरी ताई जिने चढायला लावते. गाडी मी आणली नाही. पहिल्या दिवशी विमानतळावर चकटफू मिळणाऱ्या बाबागाड्यांची रांग दिसली, त्यातलीही ताईने घेऊ दिली नाही.

आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोस्टापुढच्या फुटपाथवर ठकी मटकन खाली बसली. पाय दुखतो म्हणून रडायला लागली. मी उचलायला वाकले तर ताईने माझं कोपर धरलं. म्हणाली, चालत राहा, मागे वळून पाहायचं नाही, कुणी बघत नाही म्हटल्यावर नाटक आपोआप बंद पडतं. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. मी एका चष्म्याच्या दुकानाच्या काचेत मागचं बघत होते. ठकी उठली. भिंतीला हात लावून, एक पाय ओढत, ती आली आई. रडत नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं होतं. ताईने टाळ्या वाजवल्या, बघ, जमलं की नाही.

आणि मीही वाजवल्या.

तब्येतीला जप. तुझा हात डोक्यावरून फिरल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

तुझी धाकटी


२ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

परत आल्यावर ठकीचं लंगडणं थांबेना, म्हणून एक्स-रे काढला. दोष गुडघ्यात नाही, खुब्यात आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरत नाही, हाड आतून भुसभुशीत होत गेलंय. दुखणं खुब्यात असतं आणि लहान मूल गुडघा दाखवतं, असं होतं म्हणे. आता त्या पायावर भार टाकायचा नाही. वर्षभर, कदाचित दोन वर्षं. पुढे पाय आखूड राहील का, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, मध्यंतरी हिचं चालणं फार झालं का. मी म्हटलं, मावशीकडे गेली होती.

एक्स-रेची प्रत सोबत आहे. तुला मुलांच्या पायांतलं कळतं. तूच बघ.

भावजींना नमस्कार. लोभाचं काय ते तू ठरव.

धाकटी


२१ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

चार वेळा लिहायला बसले आणि कागद फाडले. एक्स-रे खिडकीच्या काचेवर चिकटवला होता. यांनी काढून कपाटात ठेवला, मी परत चिकटवला.

शाळेत जाते, पण शिट्टी तोंडात धरवत नाही. मंगळवारी धावण्याच्या तासाला एक मुलगी बसली. मी तिला उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचवलं. ती सारखी सांगत होती, बाई, मला काही झालेलं नाही, बुटाची नाडी बांधत होते. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, बरं नाही का. मी त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवून आले.

मला माफ कर म्हणत नाही. मला फक्त एक सांग. माझ्या चालवण्यामुळे झालं का? डॉक्टर नेमकं काय म्हणाले? हो की नाही, एवढं एका शब्दात कळव. हो असेल तरी कळव. हो घेऊन जगता येईल, हे असं अधांतरी नाही जगता येत.

ठकीच्या पायावरून माझा हात फिरव. तुझ्या लोभाची भीक मागतेय असं समज.

तुझी ताई


४ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्याकडून परत आले ती सर्दी घेऊन. आता बरी आहे. ताईचं पत्र मलाही आलं. अक्षर तिचं वाटतच नाही. लहानपणी शाई सांडली तरी रेघ सोडायची नाही ती.

डॉक्टरांच्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसले होते, विसरलीस का? ते स्वच्छ म्हणाले की हे दुखणं आधीपासूनचं आहे. चालण्याने झालेलं नाही, चालण्याने फार तर दुखलं. यात कुणाचा दोष नाही, आईचा नाही आणि मावशीचा तर नाहीच. तू मान डोलावलीस, मी पाहिलं. मग तिला हे का कळवलं नाहीस?

मी परस्पर लिहू शकते. पण माझ्या लिहिण्याने तिला पटायचं नाही, म्हणेल आई समजूत घालतेय. आयुष्यभर तुझी बाजू घेतली, आज तिची घेतली तर खोटीच वाटेल. तू लिही. एक शब्द तर हवाय तिला. पोरी, नोकरी गेली तिची, आता आणखी काय जायला हवंय?

ठकीला गोड पापा. लोभ तुम्ही दोघींनी एकमेकींवर करा, मला नाही दिलात तरी चालेल.

आई


१९ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. कामावर जुन्या नकाशांना मागून कापड लावून पाठबांधणी चालली आहे, मान वर करायला फुरसत नाही.

ठकी बरी आहे. खिडकीशी खाट लावलीये, तिथून रस्त्यावरची माणसं मोजते. शंभरापर्यंत आकडे यायला लागले. नोकरी सोडलीस ते वाचलं. तुझा निर्णय तू विचार करूनच घेतला असशील. इथे यायचं म्हणशील तर एवढ्यात नको, तिला गर्दी सोसत नाही.

डॉक्टरांचं विचारलंस. ते तसं नेमकं काही बोलले नाहीत. आणि आता खोदून विचारून तरी काय उपयोग? जे व्हायचं ते झालं. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

आई खुशाल आहे, वेगळं पत्र लिहिणार नाही म्हणते. भावजींना नमस्कार. लोभ होता तसाच राहू दे.

तुझी धाकटी