निमोण्याचा रस्ता आणि यांचं विधेयक

बुधवार, ५ मार्च

आज फोनवर नुसतं "अध्यक्ष महोदय" चाललं होतं! हे मुंबईत, आमदार निवासात. मी इथं निमोण्यात भाकरी थापतेय, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, आणि हे मला वाचून दाखवताहेत — "विधेयक मांडण्यासाठी मी सभागृहाची अनुमती मागतो." म्हटलं, दिली अनुमती, आता जेवून घ्या. तर म्हणतात, "अगं तसं न्हाई, तू फक्त होय म्हणायचं."

लग्न झाल्यापासून मी दुसरं काय म्हणतेय!

विधेयक शेतरस्त्याचं आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर महिन्याच्या आत मोकळा करून द्यायचा, नाहीतर दंड. पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराचं हे पहिलंच विधेयक. उद्देश-बिद्देश छापलाय मोठा, पण ते कुणासाठी आहे ते मला माहीत आहे. गावातल्या दगडाबाई मावशींसाठी. त्यांचं रान मारुतरावांच्या उसामागं. मारुतराव त्यांचे चुलतदीर. मावशींच्या लेकीच्या लग्नात मानाच्या टॉवेल-टोपीच्या वेळी माइकवर मारुतरावांचं नाव पुकारायचं राहिलं — झालं! दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर नांगर फिरला, तोंडाला बाभळीचे काटे पडले. तेव्हापासून मावशींचा कांदा डोक्यावरच्या पाटीत, बांधाबांधानं बाहेर येतो. बाईचे गुडघे गेलेत. परवा म्हणाल्या, "सविता, येवढा कांदा निघाला की रान इकून टाकीन बग. आता न्हाई व्हत."

विकणार कुणाला? रस्ता नसलेलं रान घेणार कोण? मारुतरावच! ते ऐकल्यापासून मला चैन नाही. यांनाही नाही, पण हे "अध्यक्ष महोदय" तरी म्हणू शकतात.

शुक्रवार, ७ मार्च

मांडलं!

सासूबाई आणि मी मोबाइल तांब्याला टेकवून बसलो होतो. शुक्रवारी दुपारनंतर आमदारांच्या स्वतःच्या विधेयकांची पाळी, आणि शुक्रवारी दुपारनंतरच निम्मे आमदार गावच्या वाटेवर. यांच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ चक्क जांभई देत होते. यांचं नाव पुकारलं. हे उठले — कॉलर एका बाजूनं वर, कितीदा सांगितलंय आरशात बघत जा म्हणून! अनुमती मागितली. अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. चार-दोन आवाज आले. होयचं बहुमत. "मी विधेयक मांडतो," म्हणाले आणि खाली बसले. संपलं!

सासूबाई म्हणाल्या, "एवढंच? आन् ह्याच्यासाठी पोरगं माझं जेवत नव्हतं व्हय?"

मला मात्र भरून आलं. इथं खोटं कशाला लिहू — रडले थोडी.

शनिवार, ८ मार्च

हद्द झाली! भारतभाऊ म्हणजे यांचा उजवा हात, पण डोकं कधी वापरतील तर शपथ. रातोरात फ्लेक्स लावले. तळेगाव ढमढेऱ्याच्या चौकात, कारेगावात, आमच्या वेशीवर. "शेतरस्त्याचा ऐतिहासिक कायदा करणारे लाडके आमदार!" वेशीवर जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली. गुलाल. फटाके. फोटोवर उधळली म्हणे, कारण आमदार मुंबईत!

मी भारतभाऊंना फोन लावला. म्हटलं, अहो, नुसतं मांडलंय. अजून चर्चा व्हायचीय, मतदान व्हायचंय, वरचं सभागृह आहे, राज्यपालांची सही आहे...

"वहिनी, मांडलं का न्हाई? होय म्हनले का न्हाई समदे? मंग!"

बाजारात तुरी! स्थळ नुसतं बघून गेलं आणि यांनी वरात काढली. हे मुंबईत कपाळाला हात लावून बसलेत. "काढायला लावतो फ्लेक्स," म्हणाले. दुपारी दौंडहून ताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन — "आमच्या दौंडला पन लागू झाला का गं? आमचा शेजारी लई माजलाय."

सोमवार, १० मार्च

मारुतरावांनी रस्ता उघडला!!

सकाळीच जेसीबी लावला. काटे ओढून काढले, उसाच्या सऱ्या मोडल्या, वर मुरूम टाकला. स्वतः उभे राहून, उपरणं डोक्याला गुंडाळून. लोक जमले. कुणीतरी विचारलं, तर म्हणे, "कायदाच झालाय म्हनल्यावर करता काय? गप उघडायचा."

मावशी पळत आल्या. त्या गुडघ्यांनी, पळत! ट्रॅक्टर पार त्यांच्या रानात, कांद्याच्या ढिगापाशी गेला म्हणाल्या. "सविता, न्हाई इकत आता रान. माझ्या मालकानं पाडल्याली हीर हाय तितं." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पेढा कोंबला.

पेढा खाल्ला. गप्प बसले.

मंगळवार, ११ मार्च

फ्लेक्स काढू नका म्हणून भारतभाऊंना मीच निरोप दिला.

रविवार, १६ मार्च

हे काल आले. जेवताना भांडलो. म्हणतात, लोकांना फसवतोय आपण, उद्या मी तोंड कुठं दाखवू, शपथ घेतलीय मी. म्हटलं, शपथ तुम्ही घेतलीय, मी नाही. तुम्ही तिकडं मुंबईत खरं बोला, मी इथं गप्प बसते. वाटणी करून घेऊ!

हसू दाबत उठले. सांजेला एकटेच रस्ता बघायला गेले. आले ते मुरमानं माखलेले बूट दारात काढून नुसते ओट्यावर बसले. मी चहा दिला. म्हणाले, "चांगला दाबलाय गं मुरूम. पीडब्ल्यूडीवाले पन असा दाबत न्हाईत."

माझा नवरा काही फार मोठा पुढारी होणार नाही. पण त्या वेळी मला ते इतके आवडले! कॉलर नीट केली त्यांची. सासूबाई आत खोकल्या.

शुक्रवार, २१ मार्च

आज चर्चा. हे छान बोलले. कागद न बघता! मावशींचं नाव नाही घेतलं, पण "डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चालणारी बाई" म्हणताना आवाज कापला. समोरच्या बाकावरच्यांनीही बाक वाजवले.

मग मंत्री उठले. विषय जिव्हाळ्याचा आहे, सन्माननीय सदस्यांची तळमळ मी समजू शकतो, परंतु... या "परंतु"लाच मी ओळखलं. दोन-तीन खात्यांचा संबंध येतो, म्हणून सखोल विचारासाठी विधेयक समितीकडे पाठवावं. होय म्हणणारे होय म्हणाले. गेलं समितीकडे!

आपल्याकडं मुलगी बघून गेलेले पाहुणे "घरी जाऊन कळवतो" म्हणतात ना, तसं. सगळ्यांनाच कळतं, कुणी बोलत नाही.

शनिवार, २२ मार्च

पेपरात आलं. "शेतरस्ता विधेयक समितीकडे, कायदा लांबणीवर." स्टँडवरच्या चहाच्या टपरीत कुणीतरी मोठ्यानं वाचलं. दुपारपर्यंत सगळ्या निमोण्याला ठाऊक. भारतभाऊंनी वेशीवरचा फ्लेक्स गुपचूप उतरवला. घरी आले ते मान खाली घालून. मी रागावणार होते, पण माणसाचं तोंडच असं झालं होतं की जेवायला वाढलं.

संध्याकाळी मावशी आल्या. निम्मा कांदा अजून रानात. चपला काढून दारातच बसल्या.

"मंग काटं परत पडत्याल व्हय गं?"

माझंच चुकलं. पहिल्याच दिवशी बोलले असते तर बाई एवढी उंच चढून खाली तरी आली नसती. रस्ता देऊन परत काढून घेणं हे न देण्यापेक्षा वाईट.

उद्या सकाळी मी स्वतः जाऊन मारुतरावांच्या पाया पडणार. आमदाराची बायको असले म्हणून काय झालं.

रविवार, २३ मार्च

जायची वेळच आली नाही. दिवस उगवायला मारुतरावच दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत. इकडं-तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले —

"वहिनी, सायबांना सांगा, समितीनं किती बी येळ लावू द्या, पन बिल तेवढं मागं घेऊ नका. ते हाय तवर 'कायदा येनारच हाय' म्हनून रस्ता उघडा ठिवता येतो. मांडलं म्हंजी मंजूर झालं न्हाई, ते मला फ्लेक्स लागला तवाच ठावं व्हतं. सोसायटीचा चेअरमन व्हतो मी. ठराव काय कमी मांडलेत? रस्ता मला कवाचा उघडायचा व्हता. दगडाबाई वहिनीचं हाल बघवत नव्हतं. पन आपनहून उघडला असता, तर भावकी म्हनली असती, मारुती वाकला... कायद्यामुळं उघडला, एवढंच ऱ्हाऊ द्या."