वाकडं तोंड

३ मार्च

एकही कडू नाही! अख्खा ट्रे चाखून संपवला. काकडीच्या रोपाचं पहिलं जाड पान घ्यायचं, कोपरा तोडायचा, दाढेखाली चावायचा, थुंकायचा. कडू रोप उपटून बादलीत, गोड रोप ठेवायचं. आमचं निवडकाम म्हणजे एवढंच, आणि त्याचं अवजारही एकच — माझी जीभ.

पण सगळी गोड कशी? रानकाकडी आणि आपली घरची गोड काकडी यांच्या संकराची ही दुसरी पिढी. रानटीची भुरी रोगाला न दबण्याची ताकद घ्यायची, तिचा कडूपणा मागे टाकायचा. गणित साधं आहे: चारांत तीन कडू, एक गोड. इथे चारांत चार! कोठीवाल्यानं भलत्याच बियाण्यावर भलतीच चिठ्ठी लावली असणार. त्याला वाट्टेल ते बोलले. आमचे साहेब — हा संकर त्यांचाच — रजेवर आहेत तेच बरं.

४ मार्च

कोठीवाला रुसलाय. "बाई, बी तेच आहे. तुम्ही तापानं घरी होतात तेव्हापासून डबा माझ्या कुलपात. आणि होतं नव्हतं ते सगळं तुम्हीच पेरलंत, आता एक दाणा शिल्लक नाही."

मग?

६ मार्च

लेकीचा घसा धरलाय. गोळी कुटून पाण्यात दिली तर तोंड घट्ट मिटून बसली. "आधी तू चाट!" चाटली. नुसतं पाणी. "बघ, कुठे कडू आहे?" तिनं विश्वासानं घोट घेतला आणि सगळा माझ्या अंगावर. "खोटारडी!" नवरा पोट धरून हसत होता. मीही हसायला लागले, आणि मध्येच थांबले.

चहातली साखर कळते. मीठ कळतं, लिंबू कळतं. कडू तेवढं गेलंय.

७ मार्च

खात्री करून घेतली. रानकाकडीचंच पान चावलं — ज्या पानानं मागे एकदा माझं पोट पार रिकामं केलं होतं. आज गवत खाल्ल्यासारखं. भीती वाटतेय.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं. येईल परत. किंवा नाही येणार. वर म्हणतात, "बरंच की, औषधं घ्यायला सोपं!" हसू नाही आलं.

लोक बोलण्याच्या जोरावर नोकरी मिळवतात, मी थुंकण्याच्या जोरावर मिळवली. मुलाखतीत साहेबांनी एक प्रश्न विचारला नाही. हातात पान दिलं — "चाव." चावलं. माझं तोंड जे काही वाकडं झालं ते बघून म्हणाले, "उद्यापासून ये." बायको वारल्यानंतर ते पहिल्यांदाच नवीन कामाला लागत होते, असं नंतर कळलं. हा हंगाम संपला की ते निवृत्त. ही काकडी त्यांचा शेवटचा वाण. आणि मी सांगू, साहेब, अवजार मोडलंय?

१० मार्च

काय केलं मी हे!

साहेब आले आणि तोच ट्रे त्यांच्यासमोर पुन्हा चाखायला घेतला. नेहमीसारखे बादली घेऊन शेजारी उभे, टक लावून माझ्या तोंडाकडे बघत. ती सवय मला कधीच आवडली नाही. नजर वाईट नाही, पण घास मोजल्यासारखं वाटतं. मी तोंड वाकडं केलं की ते रोप उपटतात.

सांगणारच होते. पण पान आधी तोंडात गेलं. काही नाही. दुसरं — काही नाही. साहेब वाट बघताहेत. तिसऱ्याला मी तोंड वाकडं केलं. चौथ्यालाही. मग थांबताच येईना. तीन वाकडी, एक सरळ. फार नीटनेटकं दिसू नये म्हणून मध्येच दोन सरळ लागोपाठ!

"वा," साहेब म्हणाले, "अगदी गणितात बसतंय."

बसणारच. गणित बघूनच तोंडं केली ना!

गोड रोपांतली बहुतेक बादलीतून खड्ड्यात गेली. ट्रेमध्ये उरली त्यांत कडूच जास्त. सांगताही येईना, सहनही होईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्याही माझ्याच.

१२ मार्च

एकच आधार आहे. निवडलेली रोपं साहेब नंतर स्वतः चाखतात. एकटेच, सगळे गेल्यावर. सकाळी पानांचे दुसरे कोपरे तोडलेले दिसतात. या वेळी पहिल्याच पानाला थुंकतील आणि मला हाक मारतील. मारू देत. मी न बोलता सगळं उघडं पडेल. भित्रीच आहे मी.

१३ मार्च

कोपरे तोडलेले आहेत. साहेब खुशीत. "झकास! एकूण एक गोड!"

कसं शक्य आहे? घटकाभर वाटलं, माझी जीभ ठीक आहे, रोपंच गोड आहेत! इतकं हलकं वाटलं की कोठीवाल्याला आपण होऊन चहा पाजला.

मग एक पान रुमालात बांधून घरी आणलं. नवऱ्यानं चावलं आणि बेसिनकडे पळाला. "विष घालतेस काय गं!"

मग साहेब खोटं का बोलले? उद्या जाऊन सांगते. मग होऊ दे काय व्हायचं ते.

१४ मार्च

सांगितलं. "साहेब, मला कडू लागत नाही."

ते हसले. "मलाही नाही. जन्मापासून." आधी ते घरी ट्रे न्यायचे, बायको चाखायची. ती गेल्यावर मी. सगळे गेल्यावर ते कोपरे नुसते तोडायचे, लोकांना दिसावेत म्हणून. "मी पान कधी चाखलंच नाही गं. आधी तिचं तोंड वाचलं, मग तुझं."

म्हटलं, त्या दिवशीची माझी सगळी तोंडं खोटी होती.

साहेबांनी रिकामी बादली उपडी करून ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं, समोरच्याचं तोंड, तेवढं तरी मला कळतं."