शनिवारची वायर

बाबा, मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. ज्या बुधवारी आपलं बिनसलं, त्या वेळच्या तुझ्या वयाची आता मी झाले, केस रंगवायचेही सोडून दिले, तरी त्या बुधवारबद्दलचं माझं मत तसूभर हललेलं नाही. आई अजून म्हणते की पोरीनं एवढं तोंड उघडायला नको होतं. मी तिला म्हणते, तू चहा घे. पण परवा आमच्या ऑफिसातलं शेवटचं जुनं युनिक्स मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं आणि मला एकाएकी तुझ्याशी भांडावंसं वाटलं. आपलं ते भांडण अर्धवट राहिलंय. मी बोलायचे आणि तू गप्प बसून जिंकायचास, म्हणून ते कधी पुरं झालं नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत ती केमिकल कंपनी जिथे उभी होती तिथे एके काळी आपली भातखाचरं होती. जमिनीच्या बदल्यात तुला स्टोअरमध्ये कारकुनाची नोकरी मिळाली, आणि ती तू अशी केलीस की जणू उपकार त्यांनीच तुझ्यावर केले होते. रॅकला लटकवलेलं प्रत्येक बिन कार्ड तुझ्या गोल, सुट्या अक्षरात. काय आलं, काय गेलं, काय उरलं, एक खाडाखोड नाही. मी कल्याणच्या कॉलेजातून बीएस्सी झाले, नौपाड्यातल्या क्लासला जाऊन कॉम्प्युटरची युनिक्स प्रणाली शिकले, आणि मग तू कॉम्प्युटर खात्याच्या सरांपुढे हात जोडून उभा राहिलास. मी ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागले. सहा महिने प्रोबेशन, मग कन्फर्मेशन. सर वाईट नव्हते, हे मी आजही म्हणते. शुद्ध बोलायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत, मला जाडजूड मॅन्युअल घरी न्यायला द्यायचे. फक्त त्यांच्या खात्यातलं मशीन कधी चुकत नसे. चुकायची ती माणसं, आणि तीही नेहमी दुसऱ्या खात्यातली.

मी लागल्यावर दोनच महिन्यांत स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आला. ऑफिसच्या इमारतीत सर्व्हर, म्हणजे मुख्य मशीन, आणि त्याला लागलेले सात-आठ पीसी होतेच. आता एक काळी वायर तुझ्या स्टोअरच्या भिंतीवरून, रॅकच्या मागून फिरली, आणि दोन इमारतींच्या मधे राउटर नावाचा एक डबा बसला. इकडचा निरोप तिकडे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. पहिला आठवडा बरा गेला. मग शुक्रवार आला. एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी आणि वीज बंद, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही सर्व्हर रीतसर बंद केला आणि शनिवारी सकाळी चालू केला. ऑफिसातले सगळे पीसी सर्व्हरला लागले. तुझा लागला नाही. सरांनी फोन उचलून तुला विचारलं, गुरुवारी शेवटी कोण बसलं होतं, वायर ओढली गेली असणार, जोड काढून परत लावा. तू काढलास, लावलास. तेवढ्यात सरांनी सर्व्हरसमोर बसून एक ओळ टाईप केली आणि स्टोअर चालू झालं. बघा, जोडच सैल होता, असं सर फोनवर म्हणाले. पुढे आठवडाभर काही तक्रार नाही. पुढच्या शनिवारी परत तेच, तसंच, त्याच क्रमानं.

तुझं काय होत गेलं ते मी रोज पाहत होते. आधी तू वायर सुतळीनं रॅकला बांधलीस. मग त्या कोपऱ्यातले ड्रम हलवलेस. मग तुझ्याच गोल अक्षरात पाटी लागली, वायरला हात लावू नये. कामगारांना तू तिथे फिरकू देईनास. कीबोर्डला शिवण्याआधी रुमालानं हात पुसायला लागलास, देवाच्या फोटोला शिवण्याआधी पुसावेत तसे. चाळीस किलोचं पोतं एका हिसक्यात उचलणारा माझा बाप दोन बोटांनी एकेक बटण दाबायचा आणि दाबून झालं की हात मांडीवर घ्यायचा. तुला खरंच वाटायला लागलं होतं की खोट तुझ्या हातात आहे. कँटीनमध्ये लोक म्हणायचे, शनिवार आला, आता स्टोअर झोपणार. तू त्यांच्याबरोबर हसायचास. मला त्या हसण्याचा राग यायचा, अजून येतो.

माझ्या कन्फर्मेशनला महिना राहिला असताना, एका सोमवारी, तुला पत्र मिळालं. नेटवर्कची वायर वारंवार हाताळल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. संध्याकाळी घरी आले तर आई तव्यावर तांदळाची भाकरी टाकत होती आणि तू पाटावर बसून, मांडीवर फळी घेऊन, कोऱ्या कागदावर लिहीत होतास. खुलासा नव्हताच तो. माफी होती. माझ्या हातून वायर ओढली गेली, पुन्हा होणार नाही. लिहून झाल्यावर शुद्धलेखन बघायला तू तो कागद माझ्याकडे दिलास. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. मी ते सांगितलं नाही. मी सांगितलं की वायरला काही झालेलं नाही, तुझा काडीचा दोष नाही, आणि हा कागद द्यायचा नाही.

तुला पटावं म्हणून मी चुलीजवळच बसून समजावलं. बाबा, प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, चार आकड्यांचा. त्यातला किती भाग आळीचा आणि किती घराचा, हे सबनेट मास्क म्हणून दुसरा आकडा असतो, तो सांगतो. स्टोअर आलं तेव्हा दोन आळ्या झाल्या, तर मास्क बदलायला हवा होता. सरांनी तो बदलला, पण नुसता टाईप करून. मशीन चालू होताना जी फाईल वाचतं तिच्यात लिहिला नाही. म्हणून शुक्रवारी बंद होऊन शनिवारी उठलं की मशीन जुनाच मास्क धरतं, तुझं स्टोअर आपल्याच आळीत आहे असं समजतं आणि तिथेच हाका मारत बसतं. तुझी हाक त्याला ऐकू येते, पण उत्तर राउटरकडे जातच नाही. सर ती एक ओळ परत टाईप करतात की आठवडा सुरळीत. सर्व्हर चालू झाल्या झाल्या मी मास्क पाहिला होता, पडद्यावर चार एफ आणि चार शून्यं, म्हणजे जुनाच. सरांची ओळ झाल्यावर परत पाहिला, सहा एफ आणि दोन शून्यं, म्हणजे नवा. वायरचा काही संबंध नाही. सरांनी त्या फाईलला हात का लावला नाही, तेही मला ठाऊक होतं. पूर्वी एकदा त्यांनी ती उघडली होती आणि मशीन दोन दिवस उठलंच नव्हतं. तेव्हापासून त्या फाईलची छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, आणि तिच्यात कोणी काही करायचं नाही असा दंडक होता. घाबरले होते ते, बाबा, तुझ्यासारखेच. पण त्यांच्या भीतीला नियम म्हणायचे आणि तुझ्या भीतीला गुन्हा.

तू सगळं ऐकलंस. मग कागदाची घडी घातलीस, खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "पोरी, तुजा पक्का व्हवाचा हाय. माजा काय, चार वरसा रायली. तू गप रव."

मी म्हटलं, "मी गप्प राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी तू माफी दिलीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी सरांना ओलांडून थेट फॅक्टरी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. मी त्यांना सांगितलं की स्टोअरचा पीसी चालू ठेवून स्टोअरला कुलूप लावा, किल्ली तुमच्या खिशात ठेवा, मग आम्ही सर्व्हर बंद करून परत चालू करतो. त्यानंतरही स्टोअर लागलं तर माझ्या वडिलांनी वायर ओढली असं मीच लिहून देते आणि माझा राजीनामाही. मॅनेजरांनी फोन उचलला. त्यांनी सरांना बोलावलं. सर एवढंच म्हणाले की भर कामाच्या वेळी मशीन बंद करणं योग्य नाही. मॅनेजर म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत करा.

अर्धं ऑफिस डबे सोडून सर्व्हरच्या खोलीच्या काचेपाशी उभं. स्टोअरला कुलूप, म्हणून तूही पॅसेजमध्ये, भिंतीला टेकून, खाली बघत. मी आधी सर्व्हरवरून स्टोअरला पिंग केलं, म्हणजे हाक मारली, आणि ओळीमागून ओळ उत्तरं आली. मग पासवर्ड सरांनीच टाकला, कारण तो त्यांच्याकडेच असायचा. मशीन बंद झालं, चालू झालं, स्वतःच्या सगळ्या डिस्क तपासत बसलं. वीस मिनिटं गेली. मी परत हाक मारली. पडदा कोरा राहिला. कुलपामागच्या वायरला कोणी हात लावला नव्हता. मी मास्क दाखवला, चार एफ, चार शून्यं. सरांची ती ओळ मी टाईप केली आणि उत्तरं यायला लागली. मग कोणालाही न विचारता ती फाईल उघडली, तिच्यात मास्क लिहिला आणि मशीन पुन्हा बंद करून पुन्हा चालू केलं. ते उठलं, आणि स्टोअर आपोआप लागलं. सर हळूच म्हणाले, तुला हे मीच शिकवलं. खरं होतं, आणि मी हो म्हणाले. बाबा, त्या मिनिटाला मी जितकी खूश होते तितकी नंतर कधीच झाले नाही, लग्नातसुद्धा नाही.

मग मॅनेजर बाहेर आले, तुझ्या हातात किल्ली दिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, मग तुम्ही माफी कशाला लिहून दिलीत? वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण मागून कोणीतरी हसलं. तू किल्ली घेतलीस आणि चालायला लागलास. घरी आल्यावर, हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणालास, "आदी लोक बोलत व्हते, यान वायर तोरली. आता बोलतान, यो घाबरट हाय. कनचा बरा?"

तेव्हा मी तुला पंचा दिला. उत्तर आता देते. दुसरं बरं, बाबा, कारण ते निदान खरं होतं. तू घाबरलास, माझ्यासाठी घाबरलास, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाजायचं त्यांनी, ज्यांनी तुझ्या जमिनीवर बसून तुलाच हात पुसायला लावले. तू मात्र चार महिने माझ्याशी बोलला नाहीस. जेवायला वाढ, छत्री दे, सगळं आईमार्फत. माझं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं गेलं, कारण कागदावर लिहिलं होतं की वर्तणूक उद्धट. मी तो कागद परत केला आणि ठाण्याला, माजिवड्याच्या एका कंपनीत लागले. तुला वाटायचं की मी हातची नोकरी घालवली. मी घालवली नाही, सोडली. परत तसा बुधवार आला तर परत तसंच करेन, आणि या वेळी जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा थांबणार नाही.

त्या चार महिन्यांतली एक गोष्ट मी विसरलेले नाही. दर शनिवारी तू कामावरून यायचास, चपला काढायचास आणि आईला सांगायचास, चालू हाय. तिला त्यातलं काही कळत नसे, ती बरं म्हणायची. मी आतल्या खोलीत असायचे आणि तुला माहीत असायचं की मी आत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उशीत तोंड घालून रडले. तुझं ते बोलणं मी माझ्यासाठी धरलं. चुकीचं धरलं असेन तर असू दे, आता तू दुरुस्त करायला येणार नाहीस.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून वर गाळलेली एक गोष्ट लिहिते. त्या सोमवारी चुलीजवळ, माझं सगळं ऐकल्यावर आणि कागदाची घडी घालण्याआधी, तू मला विचारलं होतंस, तुना यो कवा कलला? मी म्हणाले, परवाच, शनिवारी. ते खोटं होतं. चार एफ आणि सहा एफ मी त्याच्या पाच शनिवार आधी पाहिले होते. त्याच आठवड्यात सर मला म्हणाले होते की काम चांगलं चाललंय, कन्फर्मेशनची काळजी करू नकोस. म्हणून ते पाच शनिवार मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून फोन ऐकत राहिले, पलीकडून तुझं हो साहेब, लावतो साहेब ऐकत राहिले, आणि काही बोलले नाही.