डोक्यावरच्या खुणा

गाग बे, ५ जून १९६६

चि. मॉईझ यास फिलोमेनताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र सामानाच्या विमानातून पोचलं. अक्षर सुंदर आहे. शाळेनं तुला दहा वर्षं ठेवून घेतलं, त्यातून एवढंच हाती लागलेलं दिसतं.

आईच्या डोळ्यांना डॉक्टरनं काचबिंदू सांगितलाय. आत्ता तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि बर्फ पडेपर्यंत तेही जाईल म्हणाला. तेव्हापासून तिनं एकच धोशा लावलाय, की एलीचं थडगं एकदा डोळ्यांनी बघायचं. आपला हा भाऊ तीन वर्षांचा होऊन गेला, तू-मी जन्मायच्या आधी, तरी त्याच्या मोज्यांना कुठल्या रंगाची लोकर होती ते ती अजून सांगते. बाबांनी पाईनच्या झाडांच्या भूशिरावर त्याच्या थडग्यावर जे लाकडी घरकुल बांधलं, ते उभं आहे की पडलं, हे तिला बघायचंय. तिथं जायचं म्हणजे सहा सरोवरं, आणि मध्ये होडी डोक्यावर घेऊन चालायच्या पाच वाटा.

त्यावर तू काय लिहितोस? सहलवाल्या होल्मस्ट्रॉमची शिकागोची आठ गिऱ्हाइकं जुलैत त्याच बाजूला न्यायची आहेत, तर आईला मधल्या होडीत बसवू! म्हणजे मूस हरीण दिसलं नाही तर फोटोला म्हातारी आहेच. तुझे हे पाहुणे मी मागच्या वर्षी धक्क्यावर बघितलेत. कोऱ्या टोप्या, गळ्यात शिट्ट्या. होडी उचलायची वेळ आली की पाठीत कळ येते, पण घडीची खुर्ची मात्र सोबत हवी. आणि सूर्य मावळला की टाळ्या वाजवतात. रोज मावळतो तो. त्यात त्यानं काय विशेष केलं?

आणि तू त्यांच्यापुढे नकाशा धरून चालणार, आपल्याच बापाच्या मुलुखात. लाज वाटत नसेल तर निदान लिहू तरी नकोस. आईला मी नेते.

तुझा मेहुणा अँब्रोज बरा आहे. त्याला काय होतंय? खातो, झोपतो. कळावे, रागावलास तरी पत्र टाक.

तुझी ताई फिलोमेन

पोर्ट आर्थर, १७ जून १९६६

ती. सौ. फिलोमेनताईस मॉईझचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाम आला, दुसऱ्यांदा हसू. सूर्याला टाळ्या आता मीही वाजवतो. नाही वाजवल्या तर पाहुण्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं. नकाशाही त्यांच्यासाठीच आहे. कागद दिसला नाही की ते घाबरतात.

पण ताई, एक विचारतो, चिडू नकोस. तू उन्हाळ्यात तिकडे कधी गेली आहेस? मला आठवतं तसं, दहाव्या वर्षापासून तू दर उन्हाळ्यात लॉजवर चादरी धुवायला असायचीस. बाबा मला घेऊन जायचे. शाळा सुटली की ते दोन महिने आमचे. तिसरी वाट खडकावरून जाते, लांबून वळसा घेऊन. तिथं बाबा मला कपाळपट्टा लावून पिठाचं पोतं पाठीवर उचलायला लावायचे. तो पट्टा माझ्याकडे आहे. आईला त्यात बसवून मी पाठीवर नेईन.

आठ जुलैपर्यंत थांब. पाहुण्यांना फोटो काढू देणार नाही, हा माझा शब्द. आईला नमस्कार, अँब्रोजभाऊजींना तंबाखू वेगळी पाठवतो. धाकट्यावरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा मॉईझ

गाग बे, २८ जून १९६६

चि. मॉईझ यास आशीर्वाद.

तंबाखू पोचली. अँब्रोजनं अर्धी संपवली, उरलेली मी लपवली. प्रवासात वाटेतल्या खडकांवर नैवेद्य म्हणून ठेवायला लागेल.

मला विचारतोस, कधी गेली आहेस? अरे, सप्टेंबर लागला की पाद्र्याची बोट यायची आणि तुम्हां पोरांना शाळेसाठी भरून न्यायची. मला आजीनं पालथ्या होडीखाली लपवलं म्हणून मी राहिले. त्यानंतर वीस हिवाळे मी बाबांच्या कुत्र्यांमागून त्या मुलुखात चाललेय. सापळे लावलेत, सशांची कातडी सोललीत. तिथलं झाड न् झाड मला ओळखतं. तू एक तरी हिवाळा काढलास का तिथं? सुट्टीतला पाहुणा तू, त्या शिट्टीवाल्यांसारखाच. मोठा आला मला वाट सांगणारा.

येत्या सोमवारी आम्ही निघतोय. मी, आई आणि अँब्रोज. अँब्रोज कशाला, विचारशील. होडीच्या पुढच्या टोकाला वजन लागतं.

आई म्हणते की तुझ्यासाठी थांबावं. मी तिला सांगितलं की त्याच्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पोचेपर्यंत तुझे डोळे थांबणार नाहीत.

कळावे, आहे तेवढा लोभ पुरे.

फिलोमेन

गाग बे, २ ऑगस्ट १९६६

मॉईझ यास,

आशीर्वाद वगैरे नंतर. तू पोर्ट आर्थरमध्ये सांगत फिरतोस म्हणे, की तुझ्या बहिणीला दलदलीतून उपसून काढलं. दुकानदाराच्या बायकोनं मला तोंडावर विचारलं. तेव्हा काय झालं ते मीच लिहिते, म्हणजे तुला मीठमसाला लावायला नको.

दोन वाटा आम्ही नीट पार केल्या. तिसऱ्या सरोवरावर मी सरळ बाबांच्या खुणांकडे होडी वळवली. झाडांवर त्यांच्या कुऱ्हाडीचे घाव अजून स्वच्छ दिसतात. ते बघून मला एवढा आनंद झाला की ते माझ्या डोक्याच्या दोन-अडीच हात वर का आहेत, हे मनातच आलं नाही. वाटलं, झाडं वाढली. झाड वाढलं म्हणून घाव वर सरकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांनी ते चार फूट बर्फावर उभं राहून घातले होते. ती हिवाळ्याची वाट. सरळ, सपाट, कुत्र्यांच्या गाडीला उत्तम. जुलैत तिच्याखाली नुसती दलदल.

आईला तेव्हा नीट दिसत नव्हतं, पण ती म्हणाली की इथं देवदाराचा वास येत नाही, शेवाळाचा येतोय. मी तिला गप बस म्हटलं. हे तुला माहीत नव्हतं, आता माहीत झालं.

अँब्रोज मांडीपर्यंत गेला. होडी त्याच्या डोक्यावर होती ती आडवी पडली, म्हणून तरी तो वाचला. आईला होडीत बसवलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. एक रात्र आणि अर्धा दिवस डास आम्हांला खात होते, आणि आई होडीत खुर्चीत बसावं तशी बसून हसत होती. म्हणाली, पोरी, कुत्री विसरलीस.

मग तुम्ही आलात. तुझ्या पाहुण्यांना वाटलं की कुणीतरी अस्वलाशी भांडतंय. तू माझा आवाज ओळखलास, म्हणे. अँब्रोजला शिव्या देत होते, आवाज चढणारच.

आईला कपाळपट्ट्यात घालून तू खडकावरून नेलंस, आणि मी मागून चालले. घरकुलाचं छप्पर एका बाजूनं बसलं होतं, ते तू आणि अँब्रोजनं सरळ केलंत. आईनं नजरेच्या त्या नळीतून एकेक फळी बघितली. त्या शिट्टीवाल्या बाईनं आपली घडीची खुर्ची तिला दिली. आई त्यावर दीड तास बसली. फोटो कुणी काढला नाही. खुर्ची बरी होती, एवढंच म्हणते.

पाय अजून सुजलेत. लोभाचं तुझं तू बघ.

फिलोमेन

पोर्ट आर्थर, १५ ऑगस्ट १९६६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. पाहुण्यांनी होल्मस्ट्रॉमला सांगितलं, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

तू शिव्या देत होतीस तेव्हा मी त्या खुणांखाली उभा होतो. बाबांचा घाव नेहमी डावीकडे कललेला, तो ओळखला. पण एवढा उंच बघून वाटलं, मी शाळेत होतो तेव्हा बाबा माझ्या आठवणीपेक्षा फार उंच असावेत. बर्फाचं तुझ्या पत्रातून कळलं. चव्वेचाळीस वर्षांचा झालो, ताई, आणि माझ्या बापाच्या मुलुखात बर्फ किती पडतो ते मला ठाऊक नाही.

आईच्या पायांना माझा हात लाव. आणि काय लिहू? माया असू दे.

मॉईझ

गाग बे, ३० ऑक्टोबर १९६६

चि. मॉईझ यास ताईचे आशीर्वाद.

वि. वि. आईची नजर परवा गेली. सकाळी उठली आणि विचारलं की दिवा का लावला नाही. लावलेलाच होता. मी रडले नाही, तीही नाही. चहा प्यायलो.

आता म्हणते की घरकुल मनात नीट बसलंय, पण नवं छप्पर बर्फ पेलतंय का ते हातानं चाचपायचंय. मला वाटलं होतं, सुटले एकदाची. नाही.

तर फेब्रुवारीत ये. हिवाळ्यात काम करतोस त्या धान्याच्या गोदामातून पंधरा दिवसांची रजा माग. शहरातले ते चकचकीत बूट आणू नकोस, बोटं गळून पडतील, मी आत्ताच मूसच्या कातड्याचे शिवायला घेतलेत. तुझ्या पायाचं माप लिही, आणि खोटं लिहू नकोस. तुझे पाय लहानपणापासून बदकासारखे आहेत. नकाशा घरी ठेव. कुत्री तीनच उरलीत, चौथा तू. अँब्रोजला पाचवा धरत नाही. मला तुझी गरज आहे असं समजू नकोस, गाडी ओढायला माणूस लागतो.

वाट मी दाखवीन. तिसऱ्या सरोवरापलीकडे तुला त्या दलदलीवर उभं करीन. मान वर करायला लागणार नाही, बाबांचा घाव बरोबर तुझ्या डोळ्यांसमोर येईल. आई गाडीत उभी राहिली तर तिचाही हात पोचतो.

बुटांचं माप लवकर कळव.

तुझी ताई