बिनआवाजाचा पंखा

मंगळवार, संध्याकाळ

काल मी माहेरी कोरगावला गेले, तेवढ्यात दिराने माझ्या कॉम्प्युटरचा पंखा बदलून बिनआवाजाचा बसवला. मला न विचारता! घेताना दुकानात मी स्वतः दोन्ही प्रकारच्या पंख्यांसमोर कागदाची पट्टी धरून पाहिली होती. बिनआवाजाच्या पंख्यासमोर ती जेमतेम हलली, दुसऱ्यासमोर फडफडली. इथे सुर्ल्यात खाणीची धूळ, त्यात मे महिना. म्हणून घुमणारा, पण वारा देणारा घेतला. आज लग्नाची फिल्म जोडताना मशीन तापून बंद पडलं. दुपारभराचं काम गेलं. उद्या नवरीकडचे येणार, त्यांना काय दाखवू?

"वैनी, आवाज बंद जालो न्हय?" वर हसतो!

"आवाज ना, पूण वारो खंय आसा?" मी पट्टी धरली. हललीसुद्धा नाही.

"आवयक न्हीद येना म्हूण बदललो."

सासूबाईंचं नाव पुढे केलं, तरी उद्याचं काम थांबणार नव्हतं. मी जुना पंखा परत बसवला. घूंघूं ऐकून सासूबाई आतून आल्याच.

"न्हीद येना म्हूण हांवें केन्ना सांगलें?" झोपेची तक्रार त्यांनी कधी केलीच नव्हती; त्यांनी लेकालाच विचारलं. "म्हाका तरी विचारलें तुवें?"

त्याने टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.