रिकामा ट्रे

दि. ११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तू काही कळवत नाहीस, म्हणून तूही बरा आहेस असं धरून चालते. आईचा गुडघा कुरकुरतो, पंप कुरकुरतो, आणि बाबांचं तर काय सांगू! तेल फक्त पंपाला लागू पडतं.

तुझी शेड अजून उभी आहे. अळ्यांचे टब मी परत मांडलेत. बाजारातला भाजीचा कचरा येतो, माश्या अंडी घालतात, अळ्या पोसल्या की मी त्या वाळवून दळून आणते आणि त्या पिठाचे दाणे पाडते. गिरणीवाली मावशी नाक मुरडते. "भाऊ गेला, पण वास ठेवून गेला," म्हणते.

धाकट्या तळ्यातल्या कोळंबीला यंदा तुझंच खाद्य घातलंय. एकदम नाही. आधी चार भागांत एक भाग अळ्यांचा, बाकी नेहमीचं मासळीच्या भुकटीचं. मग अर्धं-अर्धं. आता तीन भाग. कोळंबी चांगली भरली आहे. बाबांनी एक हातात धरून दाबून पाहिली आणि "हं" म्हणाले. त्यांचं "हं" तुला ठाऊक आहे.

आता जे तीन वर्षं टाळलं ते. तीन नंबरचं तळं तुझ्या खाद्याने गेलं नाही. माझ्यामुळे गेलं.

ट्रे बघायचं काम माझं होतं. खाद्यातलं मूठभर जाळीच्या ट्रेमध्ये ठेवून तळाशी सोडायचं, दोन तासांनी वर काढायचं. रिकामा आला तर उद्या खाद्य जास्त, उरलं तर कमी. तुझ्या खाद्याच्या पहिल्या दिवशी ट्रे भरलेलाच वर आला. वास नवा, कोळंबीने तोंडच लावलं नव्हतं. तू काठावरून ओरडलास, "काय गं, खाल्लं का?"

दोन वर्षं तू त्या अळ्यांमागे वेडा झाला होतास. मी ट्रे पाण्यात खळबळून घेतला आणि म्हटलं, "चाटूनपुसून!" तू उडीच मारलीस.

मग दुसऱ्या दिवशी खरं सांगायची सोय राहिली नाही. अकरा दिवस मी ट्रे धुऊन दाखवला, अकरा दिवस तू खाद्य वाढवत गेलास. ते तळाला कुजलं, पाणी नासलं, कोळंबी काठाला येऊन मेली.

बाबा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "माश्यांची पोरं खायला घातल्यावर दुसरं काय होणार?" तू माझ्याकडे बघून म्हणालास, "पण ट्रे तर रिकामा यायचा." मी मान खाली घातली. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. आता फरशीच्या दुकानात बसतोस असं ऐकते. मला माझ्या त्या खोट्याची रोज लाज वाटते.

काल बाबांना हे सांगितलं. ते जेवत होते. अर्ध्या ताटावरून उठले, धाकट्या तळ्यावर गेले, स्वतः ट्रे वर काढला आणि बराच वेळ बघत बसले. परत येऊन म्हणाले, "त्याला लिही."

"काय लिहू?"

"ट्रेमध्ये काय होतं ते लिही."

'माफ कर' असं वर एकदा लिहिलं होतं, खोडलं. ते तुझं तू ठरव.

आज ट्रेमध्ये सात दाणे उरले होते.

तुझी,
ट्रे धुणारी बहीण