नारळ शाबूत आहे

संग्रामपूर, शुक्रवार, संध्याकाळ

शिसारी आली. घरच्या कामाला, लोखंड जबड्यात पकडायला, आज व्हाइस आणला. दुकानदार म्हणे, "भाऊ, तुमचे नातू बी वापरतीन." शेजारी काळा, जड, बेढब व्हाइस होता. तो सोडून मी हा निळा, चकाचक उचलला. काऊन बे? रंगासाठी?

टेबलावर बोल्टांनी आवळला, हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ त्याच्याच जबड्यावर आपटला. नारळ शाबूत, जबड्याचा टवका खाली! आतलं बिडाचं ओतीव लोखंड बिस्किटासारखं भुसभुशीत. वरचा निळा रंग मात्र अजून चकाचक. थू!

इतकी वर्षं हातात कानस धरून लोखंड घासलं आणि शेवटी रंगाला भुललो.

बायकोनं टवका उचलून पाहिला. म्हणाली, "अहो, आता त्या नारळालेच बसवा टेबलावर."